सहल ठरली

१

पवनारच्या वस्तीतून बाहेर पडलं की वर्ध्याच्या रस्त्यापासून जरा आत कोकिळाबाईंचं घर लागतं. खाली तीन खोल्या, वर दोन. वरचा मजला रूपरावांनी एसटीतून निवृत्त झाल्यावर बांधला. पियुष तेव्हा नुकताच बंगळूरला नोकरीला लागला होता. उद्या त्याचं लग्न होईल, लेकरं होतील, सुट्टीत सगळे येतील, तेव्हा कोणाची अडचण नको, हा विचार. जिना मुद्दाम घरातूनच काढला, स्वयंपाकघराला लागून. बाहेरून जिना काढला की तो भाडेकरूंचा मजला होतो, असं रूपराव म्हणायचे. पुढे पियुषचं लग्न झालं, मुलगी झाली, रूपरावही गेले. वरच्या खोल्यांत माणसं झोपली ती त्यांच्या तेरवीला आलेली, तेवढीच.

कोकिळाबाईंच्या गुडघ्यांनी जिना सोडला त्यालाही बराच काळ लोटला होता. वरची किल्ली देवघराजवळच्या खिळ्याला अडकवलेली असायची. शेत अर्ध्या वाट्यानं, बटईनं दिलेलं. सकाळी अंगण, दुपारी समोरच्या शकुबाईंशी चार गोष्टी, संध्याकाळी दिवाबत्ती, एकटीपुरता भात आणि मग टीव्ही. ऐकू जरा कमी यायचं, म्हणून फोन त्या कायम स्पीकरवर ठेवत. पियुषचा फोन रविवारी. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवतो.

दिवाळीला त्यानं व्हिडिओ लावला होता, तेव्हा चिंगीनं आजीला एका थीम पार्कची जाहिरात दाखवली होती. हैदराबादच्या बाजूला कुठेतरी ते पार्क होतं. आकाशपाळणा एवढा मोठा की माणसं दाण्यांसारखी दिसत होती. एक किल्ला होता, कागदासारखा पांढरा, आणि त्याच्याभोवती नदी. "आजी, ही नदी खोटी आहे," चिंगी म्हणाली होती, "पण होड्या खऱ्या आहेत." ते कोकिळाबाईंच्या डोक्यात राहिलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी मनाचा हिय्या करून पियुषला सांगितलं, की चिंगीची परीक्षा झाली की तुम्ही तिघं इकडे या, दोन दिवस वर राहा, आणि मग इथूनच सगळे मिळून त्या पार्कला जाऊ. खर्च सगळा माझा. एकदाच, पुन्हा मागणार नाही.

"बघू आई," पियुष म्हणाला. "सुट्टीचं बघावं लागेल."

त्याच्या 'बघू'चा अर्थ त्यांना ठाऊक होता. त्यांनी भातावर वरण घेतलं आणि तो विषय मनातून काढून टाकला.

मंगळवारी संध्याकाळी, दिवा लावून उठतात तोच फोन वाजला. मधल्या वारी पियुषचा फोन कधी येत नसे. कोणाला काही झालं की काय, असं वाटून त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या उचलला.

"आई, जाऊनच टाकू आपण," पियुष म्हणाला. "सुट्टीचं काय घेऊन बसली? तू फकस्त तयारीले लाग."

कितीतरी वर्षांनी तो असा बोलत होता. बंगळूरला गेल्यापासून त्याची भाषा बदलली होती, 'तुला-मला' करायचा, पाहुण्यासारखा. बारावीला असेपर्यंत तो याच बोलीत भांडायचा, जेवण मागायचा, रुसायचा. कोकिळाबाईंना भरून आलं. लेक आनंदात असला की घरची भाषा तोंडात येतेच, असं त्यांना वाटलं.

२

त्यानंतर फोन रोज येऊ लागला. दिवाबत्ती झाली की पाचेक मिनिटांत. आधी पियुष, मग सून समीक्षा, मग चिंगी. समीक्षा आजवर कामापुरतं बोलायची. आता ती विचारू लागली, की आई, तिथं चालणं खूप असतं, तुमच्यासाठी चाकांची खुर्ची सांगून ठेवायची का? आणि लगेच म्हणायची, नको, मी हात धरीन तुमचा.

कोकिळाबाई ऑटोनं वर्ध्याला गेल्या. बजाज चौकाकडे अंकितचं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. त्यानं त्यांना खुर्चीत बसवून चहा मागवला आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवून पार्क दाखवलं. आतल्या आत राहायचं हॉटेल, खिडकीतून दिसणारा किल्ला, संध्याकाळची मिरवणूक. कितीजण आहात, म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा "आम्ही सगळे" असं म्हणताना त्यांना उगाच लाजल्यासारखं झालं. अंकितनं एक गोष्ट आवर्जून सांगितली, की तिथल्या काही पाळण्यांवर लहान मुलांना उंची पाहून बसवतात, तेव्हा नातीची उंची विचारून घ्या.

त्या संध्याकाळी त्या फोनवर हे सगळं सांगत होत्या. किल्ल्याच्या बाजूची खोली घ्यायची की पाळण्याच्या, यावर चिंगी आणि पियुष भांडत होते आणि त्या हसत होत्या. तेवढ्यात लाईट गेली. पंखा घरघरत थांबला.

"अरे," फोनमधून पियुष म्हणाला, "लाईट गेली."

"आमच्याकडे पन गेली रे," त्या म्हणाल्या.

"हौ," तो म्हणाला. "मेणबत्ती देवघराखालच्या फळीवर हाय."

मेणबत्ती तिथेच होती. त्याच्या लहानपणापासून ती तिथेच असते, त्यात नवल काही नव्हतं. बंगळूरलाही लाईट जातेच की, केवढं मोठं शहर. कोकिळाबाईंनी काडी ओढली. मेणबत्तीच्या उजेडात फोन हातात धरून त्या उभ्या राहिल्या. तिकडे कोणीतरी अंधारात हळूहळू चालल्यासारखं ऐकू येत होतं. मग लाईट आली. पंखा फिरू लागला, आणि फोनमध्ये पंखा फिरू लागला.

३

मनात एकदा शंका शिरली की ती कान उघडे करते. आपण उगाच ऐकतो आहोत हे त्यांना कळत होतं, तरी ऐकणं थांबत नव्हतं. रस्त्यावरून ट्रक गेला की त्याचा हॉर्न आधी खिडकीतून येई आणि लगेच फोनमधून. तो आपल्याच फोनचा प्रतिध्वनी असेल. स्पीकरवर असंच होतं, शकुबाईंचा नातूही एकदा म्हणाला होता. व्हिडिओ लाव, असं त्या दोन-तीनदा म्हणाल्या. पियुष म्हणे, नेट कमजोर हाय. ते खोटं असण्याचं कारण नव्हतं.

होळीच्या आदल्या आठवड्यात एक गाय फाटकातून आत शिरली. कोकिळाबाई फोन ओट्यावर तसाच ठेवून बाहेर गेल्या, गायीला हुसकलं, साखळी लावली आणि परत आल्या. कोण आलं होतं हे त्या सांगणार होत्या.

"गेली का?" पियुष म्हणाला. "मागं पाह्य. वासरू राह्यलं तिकडंच. संडासाच्या मागे."

त्या मागच्या दाराशी गेल्या. दारातून काही दिसत नव्हतं. चप्पल घालून, भिंतीला धरत, संडासाला वळसा घातला तेव्हा ते दिसलं. लालसर, कान ताठ केलेलं वासरू भिंतीशी चिकटून उभं होतं. ते त्यांच्याकडे पाहत नव्हतं. मान उंच करून ते वर, वरच्या मजल्याच्या मागच्या गॅलरीकडे पाहत होतं.

त्या जागेवरचं वासरू घरातून कुठूनच दिसत नाही. दिसलं तर फक्त वरच्या गॅलरीतून.

कोकिळाबाईंनी वर पाहिलं नाही. वासराला हाकललं, घरात आल्या आणि फोनवर म्हणाल्या, की व्हतं खरं. पियुष हसला. मग तो चिंगीच्या पोहण्याच्या पोशाखाबद्दल बोलू लागला आणि त्या हं हं करत राहिल्या. गायीमागे वासरू असायचंच, त्यानं अंदाजानं म्हटलं असेल. संडासाच्या मागची जागा गुरांच्या सवयीची, हेही त्याला लहानपणापासून माहीत. सगळ्याला उत्तर होतं. ती उत्तरं त्या झोप येईपर्यंत एकेक करून मनात मांडत राहिल्या, आणि सकाळी उठल्या तेव्हा देवघराजवळच्या खिळ्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

४

उंचीचं विचारायचं राहिलंच होतं. अंकितचा त्यासाठी फोन आला, म्हणून संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"थांब, मोजतोच," पियुष म्हणाला. "चिंगे, भित्तीले टेकून उभी राह्य. टाचा नको उचलू."

चिंगी खिदळली. पेन्सिल भिंतीवर ओढल्याचा आवाज आला, कर्रकन, आडवा. तो आवाज फोनमध्ये होता. आणि तो वर होता, स्वयंपाकघराच्या छताच्या पलीकडे, जिथे वरच्या पहिल्या खोलीची भिंत येते. कोकिळाबाईंनी मान वर केली. छताला पावसाळ्यातला जुना ओलीचा डाग होता, बाकी काही नव्हतं. त्यांनी फोन कानापासून लांब धरला, मग पुन्हा जवळ आणला. वर कोणीतरी लहानसं पाय आपटून पळालं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

"झालं," पियुष म्हणाला. "पुरे हाय. बसू देतीन तिले."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर त्यांनी शकुबाईंना बोलावलं. पाहुणे यायचे आहेत, वर जाळी-जळमटं झाली असतील, माझे गुडघे असे, जरा पाहून या, असं सांगून किल्ली दिली. शकुबाई बोलक्या आणि धीराच्या. वर्षानुवर्षं समोर राहतात, दोन मुलींची लग्नं करून मोकळ्या झालेल्या. त्या धाडधाड जिना चढल्या. कोकिळाबाई खाली पहिल्या पायरीशी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला, दार कुरकुरलं.

खाली आल्या तेव्हा त्या पदरानं हात पुसत होत्या.

"कोकिळाबाई, पाहुणे येऊन गेले का?" त्यांनी विचारलं.

"काऊन?"

"बंद खोलीचा वास नाई येत तिथं. झोपलेल्या मानसायचा येते."

काय उत्तर द्यावं हे कोकिळाबाईंनी आधी ठरवलं नव्हतं. तरी उत्तर आलं, आणि ते इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. मीच परवा वर जाऊन खिडक्या उघडल्या होत्या, गाद्या झटकल्या, त्याचा असेल, असं त्या म्हणाल्या. शकुबाईंनी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली.

५

शकुबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. रूपरावांच्या आजारपणात पियुषनं त्यांना आपला नंबर देऊन ठेवला होता. दोन दिवसांनी दुपारी त्या आपला फोन घेऊन आल्या आणि तो कोकिळाबाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, की घ्या, पोरगा बोलते.

"आई, तुझा फोन का लागत नाही? रविवारी केला तर बिझी. मागचे सगळे रविवार बिझी. मग राहून गेलं."

मागे कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं आणि पियुष बोलता बोलता काहीतरी टाईप करत होता. हाच खरा पियुष, हे कोकिळाबाईंना लगेच कळलं. हा घाईत होता.

त्यांनी सहलीचं विचारलं. कोणती सहल, असं त्यानं म्हटलं नाही, त्याला आठवलं. पण आठवायला वेळ लागला. या वर्षी जमणार नव्हतं. समीक्षाच्या ऑफिसात कामाचा भार होता, चिंगीला सुट्टीत कुठल्याशा वर्गाला घातलं होतं. पुढच्या वर्षी नक्की. मी म्हटलं होतं ना, बघू. शकुकाकू वर कोणीतरी राहतं असं काहीतरी म्हणत होत्या, ते काय आहे? तू डॉक्टरकडे जाऊन ये, सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दाखव, हवं तर मी तिथल्या कोणाशी बोलून ठेवतो.

"हौ," कोकिळाबाई म्हणाल्या. "दाखवते."

फोन परत करताना त्यांनी शकुबाईंच्या डोळ्यांत पाहिलं नाही. दुपारभर त्या पलंगावर पडून होत्या. छताचा पंखा फिरत होता आणि त्याच्या वर, छताच्या वर, काहीच हलत नव्हतं. तिथली माणसं दुपारची झोपली असावीत, असा विचार मनात येऊन गेला. तो कोणत्या भाबड्या समजुतीनं आला, की खरोखरीच्या भयानं, हे त्यांना सांगता आलं नसतं. आता काय करायचं, हा प्रश्न मात्र उरलाच होता. संध्याकाळी फोन वाजला तर उचलायचाच नाही, इथपर्यंत त्यांचं ठरलं.

६

दिवा लावला. भात टाकला. फोन वाजला. तो ओट्यावर थरथरत, सरकत सरकत कडेपर्यंत आला, तेव्हा पडेल म्हणून त्यांनी तो धरला. आणि धरला म्हणून उचलला.

तिकडून आधी नुसते श्वास ऐकू येत होते, एकापेक्षा जास्त माणसांचे.

"तुले काई विचारायचं हाय का, आई?" पियुष म्हणाला.

विचारायचं होतं. तू कोण, एवढंच. शब्द ओठांपर्यंत आले होते. ते उच्चारले की काय होईल, हेही त्यांना दिसलं. फोन बंद होईल, आणि मग उद्याची संध्याकाळ, परवाची, रविवारची. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, ठेवतो.

"जेवले का तुमी?" कोकिळाबाईंनी विचारलं.

तिकडे कोणीतरी सुस्कारा टाकला. मग सगळेच एकदम बोलू लागले. आज काय भाजी केली, गाडीत खिडकीजवळ कोण बसणार, आजीला उलटी होते तर पुढेच बसू दे. चिंगीनं विचारलं, की आजी, तू आकाशपाळण्यात डोळे मिटशील का? त्या म्हणाल्या, मिटीन. "मी मिटणार नाई," चिंगी म्हणाली. "मी खाली पाह्यत राहीन, तुहं घर दिसेपरेंत."

चिंगी बंगळूरला वाढलेली. असं ती कधी बोलत नसे. कोकिळाबाईंनी तेही ऐकलं आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंकितला फोन करून सांगितलं, की परीक्षा संपल्यावरची तारीख पक्की कर.

७

पियुष न कळवता आला. शकुबाईंनीच पुन्हा कळवलं असणार. भर दुपारी फाटकाशी नागपूरची टॅक्सी थांबली आणि तो एक लहान बॅग घेऊन उतरला. केस पुढून विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. कोकिळाबाईंनी त्याला दारातच धरून ठेवलं. त्याच्या शर्टाला गाडीतल्या एसीचा गार वास होता. तो जेवला, चांगलं झालंय म्हणाला, आणि हात धुऊन त्यानं खिळ्यावरची किल्ली काढली.

त्याची पावलं वर फिरू लागली. कोकिळाबाई खाली ऐकत बसल्या. एवढ्या दिवसांत वरची पावलं त्यांच्या ओळखीची झाली होती. ही नवी होती, जड, कुठे काय आहे ते माहीत नसलेली. ती पहिल्या खोलीत गेली, न्हाणीघरात गेली, परत पहिल्या खोलीत आली, आणि भिंतीपाशी थांबली. फार वेळ थांबली.

तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. खुर्ची ओढून तो त्यांच्या समोर बसला.

"वर कोण राहतं, आई?"

"कोनी नाई."

"चादरी चुरगळलेल्या आहेत. न्हाणीघराची फरशी ओली आहे." त्यानं वर बोट दाखवलं. "भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. मुलांची उंची मोजतात तशा. खालून सुरू होतात आणि वर जातात. शेवटची पंख्याच्या पात्याजवळ आहे, आई. स्टूलावर उभा राहूनही माझा हात तिथं पोचला नाही."

तो त्यांचे हात हातात घेऊन म्हणाला, की तू इथं एकटी राहू नकोस. माझ्यासोबत बंगळूरला चल.

या वाक्याची वाट त्यांनी किती वर्षं पाहिली होती, हे त्यांना ते ऐकल्यावरच कळलं.

"राह्यले?" त्यांनी विचारलं.

पियुषनं त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. "आता चार-आठ दिवस तर चल. दोनच खोल्या आहेत ना तिथं. मग बघू."

बाहेर उन्हं उतरली होती. दिवा लावायची वेळ टळून चालली होती, पण त्यांना उठवेना. ओट्यावरचा फोन वाजला. पियुष उठला, त्यानं फोन उचलून पडद्यावर आलेलं स्वतःचं नाव पाहिलं, आणि मग खिशातून स्वतःचा फोन काढून त्याच्याकडे पाहिलं. त्याचा पडदा काळा होता, त्यावरून कोणालाच फोन लागलेला नव्हता. त्यानं आईच्या फोनवरचं बटण दाबलं आणि ऐकत उभा राहिला.

स्पीकर मोठा होता. स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू आलं.

"आई," पियुषच्या आवाजानं हळूच विचारलं, "गेला का तो?"

पियुषचे ओठ हलले नव्हते. कोकिळाबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या, त्याच्याजवळ गेल्या, आणि लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"उद्या जाते तो," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "दम धरा जरासा."

८

सकाळपर्यंत पियुषनं स्वतःला सावरलं होतं. आजकाल माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात, म्हाताऱ्या माणसांना फसवतात, असं त्यानं आईला समजावून सांगितलं. वर कोणीतरी भुरटं शिरत असणार, गॅलरीच्या बाजूनं. सांगताना त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत गेला, आणि ते पाहून कोकिळाबाईंना बरंच वाटलं. त्यानं वर्ध्याला जाऊन पोलिसांत तक्रार दिली, जुना फोन ताब्यात घेतला, अंकितकडची सहल रद्द केली. नवा फोन आणला, नवा नंबर, तो फक्त त्याच्याकडे. वरच्या दाराला नवं कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. शकुबाई जेवणं आटोपली की रोज सोबतीला झोपायला येणार होत्या.

चलतेस ना, असं त्यानं निघताना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, की घर आवरून मागून येते, तिकीट पाठवजो. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. ते लपवायला तो वाकून त्यांच्या पाया पडला. टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत त्या फाटकाशी उभ्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी दिवा लावला आणि नवा फोन ओट्यावर ठेवून समोर बसल्या. तो वाजला नाही. वाजणार नव्हताच, तो नंबर वरच्यांकडे नव्हता. वरही काही हललं नाही. पंख्याची घरघर, लांबवर एक ट्रक, आणि मग तेही नाही. कोकिळाबाईंना भीती वाटू लागली. गेल्या दोन महिन्यांत वाटली नव्हती तशी. आपण त्याला वर जाऊ दिलं, कुलूप लावू दिलं. ते रुसले तर? गेले तर?

त्यांनी छताकडे पाहून हाक मारली, आधी हळू, मग जरा मोठ्यानं. "पियुष."

वर बॅगेची चाकं फरशीवरून फिरली. दाराशी येऊन थांबली.

"आई, चाल," जिन्याच्या वरून आवाज आला, फोनमधून नव्हे. "आमचं झालं सगळं."

कोकिळाबाईंनी ट्रंकेतली चांगली साडी नेसली. गॅस बंद आहे ना, ते पाहिलं. मग कठड्याला धरून जिना चढू लागल्या. गुडघे पेटले होते, एकेका पायरीवर दम घ्यावा लागत होता. वळणावर आल्या तेव्हा वरचं दार उघडं दिसलं. नवं कुलूप कडीला तसंच लटकत होतं, न उघडलेलं. आत दिवा नव्हता. खिडकीच्या उरल्यासुरल्या उजेडात ते त्यांच्याकडे पाठ करून उभे होते, निघायच्या तयारीत. बारावीत असतानाच्या पियुषची ती किडकिडीत पाठ त्यांनी लगेच ओळखली. त्याच्या बाजूला एक बाई होती. आणि त्या दोघांच्या मधे, दोघांचे हात धरून, फ्रॉक घातलेलं कोणीतरी होतं, ज्याचं डोकं छताला टेकू नये म्हणून मान वाकवलेली होती.

तेवढ्यात खाली नवा फोन वाजला.

कोकिळाबाई वळणावर थांबल्या. पियुष पोचला असेल विमानतळावर, किंवा गाडीतूनच करत असेल. खाली उतरायला त्यांना जेवढा वेळ लागला असता, तेवढा तो वाजला नाही. त्या एक पायरी उतरल्या होत्या, तेव्हा बंद झाला. पुन्हा करेल म्हणून त्या तिथंच उभ्या राहिल्या, खाली कान लावून. वरची माणसंही थांबली. कोणी हाक मारली नाही, कोणी मागे वळलं नाही. अंधार चांगला दाटून आला, खालचा दिवा फडफडला.

फोन पुन्हा वाजला नाही.

मग त्यांनी पदर खोचला, कठडा घट्ट धरला आणि वरच्या पायरीवर पाय ठेवला.